आपल्या बाजूनं कोण बोलणार?

वहिनींच्या पॅटर्नशॉपात पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा लाकडी नमुना, तयार व्हायचा, त्यावरून आबांच्या फौंड्रीत पंपाचं केसिंग ओतलं जायचं आणि अण्णांच्या मशीनशॉपात त्याचं बोअरिंग व्हायचं. आबांची फौंड्री शिरोलीच्या एमआयडीसीत होती. अण्णा आणि वहिनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एकमेकांना लागून. पंप विकणारी कंपनी मात्र तिघांची एकच. दिवाळीला तिघांच्या घरी त्याच कंपनीचा मिठाईचा पुडा यायचा आणि महिन्याच्या शेवटी तिघंही त्याच कंपनीच्या चेकची वाट बघायचे.

एका वर्षी पंप गळायला लागले. हायड्रो टेस्टला केसिंगमधून पाणी पाझरू लागलं. कंपनीनं आबांना कळवलं, कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूच्या पोकळ्या, आहेत. अण्णांना कळवलं, बोअर ओव्हरसाईज आहे. वहिनींना कळवलं, तुमचा कोअरबॉक्स, म्हणजे आतल्या पोकळीसाठीच्या कोअरचा साचा, चुकलाय, कोअर सरकतो आणि भिंत एका बाजूला पातळ येते. तिघांच्या नावे डेबिट नोटा निघाल्या आणि तिघांची बिलं अडकली. परचेस ऑर्डरच्या मागच्या बाजूला, कुणी कधी वाचलीच नव्हती अशी बारीक अक्षरातली एक अट होती. वाद झाला तर तो लवादाकडं जाईल आणि लवाद कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक नेमतील.

सगळ्यात आधी आबा उठले. चाळीस वर्षं भट्टीपुढं काढलेला माणूस. वितळलेल्या बिडाचा रंग बघून तापमान सांगायचा. मुलगा म्हणाला, "आबा, वकील देऊया." आबांना ते पटलं नाही. "पंचांपुढं माणूस स्वतः उभा राहतो आणि खरं ते सांगतो. माझ्या ओतकामाबद्दल माझ्यापेक्षा जास्त कोण सांगणार? खऱ्याला वकील कशाला लागतो?"

आबांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. आपल्याकडचा लवाद व सलोखा कायदा १९९६ चा. लवादापुढं वकील दिलाच पाहिजे असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. उलट दिवाणी प्रक्रिया संहितेनं आणि पुराव्याच्या कायद्यानं लवाद बांधलेला नसतो, असं त्याचं एकोणिसावं कलम सांगतं. साधा माणूस साध्या भाषेत आपलं म्हणणं मांडू शकेल, अशी जागा या कायद्यानं ठेवलेली आहे.

पहिल्या बैठकीला आबा एकटे गेले. कंपनीनं नेमलेले लवाद काही वर्षांपूर्वी त्याच कंपनीचे सल्लागार होते. आबांना ते ओळखीचे वाटले आणि उलट बरंच वाटलं. चहा झाला. कंपनीच्या वकिलानं टाईप केलेला एक कागद पुढं केला. लवादांचा कंपनीशी पूर्वी संबंध होता हे आम्हाला माहीत आहे, त्यांच्या नेमणुकीला आमची हरकत नाही, असा मजकूर. समोर बसलेल्या माणसावर अविश्वास कसा दाखवायचा, म्हणून आबांनी सही केली.

ती सही किती महाग होती हे आबांना पुष्कळ दिवसांनी कळलं. पक्षकाराचा नोकर किंवा सल्लागार असलेला, किंवा त्याच्याशी धंद्याचा आजी-माजी संबंध असलेला माणूस लवाद होऊ शकत नाही, असं कायद्यात २०१५ पासून लिहिलेलं आहे. त्याला अपवाद एकच. वाद उभा राहिल्यानंतर दोन्ही बाजूंनी लेखी करार करून ती हरकत सोडली पाहिजे. आबांनी नेमकं तेच केलं होतं.

सुनावणीला आबांनी केसिंग फोडून दाखवलं. आतला कण कसा आहे, वाळूतला ओलावा किती ठेवतो, गॅस कुठून बाहेर काढतो, सगळं सांगितलं. लवादांनीही मन लावून ऐकलं. पण कंपनीनं प्रतिदावा लावला होता आणि त्याला लेखी उत्तर देण्याची मुदत आबांनी जाऊ दिली. "तोंडी सांगितलं की सगळं." माल पोचल्याच्या पावत्या, ज्यांना कारखान्यात जीआरएन म्हणतात, त्या त्यांनी जोडल्याच नाहीत. "माल आला हे त्यांनाच ठाऊक आहे की." निवाडा आला तेव्हा प्रतिदावा जवळपास पूर्ण मंजूर झालेला होता आणि आबांची निम्मी बिलं पुराव्याअभावी गेलेली होती.

आबांनी निवाडा कपाटात ठेवला आणि महिनोन्महिने तो उघडला नाही. पाचव्या महिन्यात मुलगा त्यांना कसबा बावड्याला एका वकिलाकडं घेऊन गेला. वकिलानं आधी तारीख बघितली. "निवाड्याविरुद्ध न्यायालयात जायला तीन महिने मिळतात. सबळ कारण असेल तर आणखी तीस दिवस. त्यापुढं न्यायालयालाही मुदत वाढवता येत नाही." आबा काही न बोलता उठले.

हे बघून अण्णांनी धडा घेतला, तो दुसऱ्या टोकाचा. पुण्याचा नावाजलेला वकील गाठला. वकीलपत्रावर सही केली, कागदांची पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "आता तुम्ही जाणा. मला त्यातलं काही कळत नाही. मी माझं मशीन बघतो."

वकील हुशार होता. एका बाजूनं आपल्या मर्जीनं एकटा लवाद नेमावा हे कायद्यात बसत नाही, हे त्यानं पहिल्या पत्रातच कंपनीला सुनावलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली पर्किन्स ईस्टमन प्रकरणात ठरवलंच होतं की, ज्याला निकालात रस आहे त्यानं एकट्यानं लवाद नेमू नये. कंपनी नमली आणि त्रयस्थ लवाद नेमले गेले. दावा नीट लिहिला गेला, प्रतिदाव्याला वेळेत उत्तर गेलं. इथपर्यंत आबांच्या कितीतरी पुढं अण्णा होते.

मग कंपनीचा क्वालिटी मॅनेजर साक्षीला आला आणि बोअर ओव्हरसाईज होता असं म्हणाला. त्याचं उत्तर अण्णांच्या शॉपमध्ये, ड्रिलिंग मशीनमागच्या फळीवर पडून होतं. माल निघण्याआधी कंपनीचाच इन्स्पेक्टर येऊन बोअर मोजायचा आणि रजिस्टरमध्ये आकडा लिहून सही करायचा. असं रजिस्टर असतं हे वकिलाला कुणी सांगितलंच नव्हतं. अण्णा एकाही सुनावणीला गेले नव्हते. उलटतपासात वकिलानं पुष्कळ प्रश्न विचारले. जो विचारायला हवा होता तो त्याला सुचणं शक्यच नव्हतं.

मध्येच कंपनीनं तडजोडीचा आकडा कळवला. वकिलाच्या ज्युनिअरचा फोन आला. अण्णा लेथवर होते. "तुम्ही बघा काय ते," म्हणाले. आपल्या जबाबदारीवर तडजोड मान्य करायला वकील धजावला नाही, हे त्याचं बरोबरच होतं. प्रस्तावाची मुदत टळली. निवाड्यात जे हातात आलं त्यातला बराचसा भाग फीमध्ये गेला. अण्णा मुदतीत पुढच्या सल्ल्याला गेले. पण रजिस्टर आता दाखवून उपयोग नव्हता. निवाड्याविरुद्ध अर्ज आला तरी न्यायालय पुरावा पुन्हा तोलत बसत नाही. त्या अर्जाची कारणं मोजकी आणि ठरलेली आहेत, आणि पुरावा द्यायचा राहून गेला हे त्यात बसत नाही.

उद्यमनगरात चर्चा सुरू झाली. कुणी म्हणे, आबांनी वकील द्यायला पाहिजे होता. कुणी म्हणे, अण्णांनी वकील देऊन काय मिळवलं? वहिनी दोन्हीकडचं ऐकत होत्या. नवरा गेल्यावर पॅटर्नशॉप त्या आणि त्यांचे दीर भागीदारीत चालवत होते. लाकडाचा पॅटर्न करताना आकसण्याची सूट मिलिमीटरला धरून सोडायची त्यांच्या हाताला सवय होती. त्यांचाही पैसा अडकून वर्षं होत आली होती.

एक दिवस त्या आबांच्या घरी गेल्या. "आबा, तुम्ही काय केलं ते सांगू नका. काय करायचं राहिलं तेवढं सांगा." आबांनी सांगितलं. मग अण्णांकडं जाऊन तेच विचारलं. अण्णांनीही सांगितलं. घरी आल्यावर वहिनींनी दोघांची राहिलेली कामं एका कागदावर शेजारी शेजारी लिहिली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आबांचं जे राहिलं ते सगळं कायद्याचं होतं आणि अण्णांचं जे राहिलं ते सगळं कारखान्यातलं.

तो कागद घेऊन त्या कोल्हापुरातल्या एका वकीलबाईंकडं गेल्या. वकीलबाईंनी कागद बाजूला ठेवून आधी तारखा विचारल्या. "सगळ्यात जुनं थकलेलं बिल कधी देय झालं?" हिशेब केला, तेव्हा तीन वर्षांच्या मुदतीतले पाच आठवडे उरले होते.

"लवादाची मागणी करणारी नोटीस आधी जाऊ दे," वकीलबाई म्हणाल्या. "आणि पाठवून भागत नाही. समोरच्याला ती मिळते त्या दिवशी लवादाची कारवाई सुरू झाली असं कायदा धरतो. भागीदारी आहे ना तुमची? मग दिरांचीही सही लागेल. धंद्यातला वाद लवादाकडं न्यायचा अधिकार एका भागीदाराला आपोआप मिळत नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्यातच तसं आहे."

वहिनींनी विचारलं, "लघुउद्योगांसाठी सरकारी कौन्सिल आहे म्हणतात, तिथं गेलं तर?"

"चांगला रस्ता आहे. पंचेचाळीस दिवसांत पैसे दिले नाहीत तर बँक दराच्या तिप्पट व्याज मिळतं, तेही दरमहा चक्रवाढीनं. पण लघुउद्योग म्हणून तुमची उद्यम नोंदणी माल दिल्यानंतरची आहे. तिथं गेलात तर आधी नोंदणीवरूनच भांडण होईल. पुढच्या ऑर्डरींसाठी ते लक्षात ठेवा."

नोटीस गेली, पोचली, पोचल्याची पावती आली. मग वहिनींनी मनातला प्रश्न काढला. "बाई, स्पष्ट विचारते. तुम्हाला पूर्ण केस द्यायची, की मी स्वतः बोलायचं?"

वकीलबाई म्हणाल्या, "फी घेणाऱ्या माणसाला हे विचारताय तर उत्तरही सरळ देते. तुमच्या वादाचे तुकडे करा. ज्याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे ते माझं काम. ज्याचं उत्तर तुमच्या रजिस्टरमध्ये आहे ते तुमचं. आणि ज्याचं उत्तर फक्त मोजमाप करणारा माणूस देऊ शकतो, त्याच्यासाठी तसा माणूस आणा. वाद फक्त एवढाच असता की बिल दिलंय आणि पैसे आले नाहीत, तर मी म्हटलं असतं, दावा माझ्याकडून लिहून घ्या आणि स्वतः जाऊन बोला. इथं नेमणुकीचा मुद्दा आहे, प्रतिदावा येणार आहे, उलटतपास आहे. तिथं माझा उपयोग होईल."

पुढं त्यांनी एक जुनी हकिगत सांगितली. १८९३ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेत गेले ते दादा अब्दुल्ला यांच्या कामासाठी. प्रिटोरियात तय्यब शेठशी दादा अब्दुल्लांचा चाळीस हजार पौंडांचा वाद चालू होता. दोघं एकमेकांचे नातलग. सगळा वाद हिशेबाचा होता आणि तरुण बॅरिस्टरला जमाखर्च येत नव्हता. गांधीजींनी पुस्तक आणून जमाखर्च शिकून घेतला, अशिलाच्या वह्या स्वतः तपासल्या आणि मगच दोघांना पंचाकडं जायला राजी केलं. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूनं लागला. सदतीस हजार पौंड आणि खर्च. एवढी रक्कम एकदम भरायची वेळ आली असती तर तय्यब शेठचं दिवाळं निघालं असतं. तेव्हा लांबचे हप्ते मान्य करायला गांधीजींनी आपल्याच पक्षकाराचं मन वळवलं.

"यात दोन गोष्टी बघा," वकीलबाई म्हणाल्या. "तुमच्या वतीनं बोलणारा तुमची वही वाचणारा असला पाहिजे. आणि हप्ते घ्यायचे की नाही हे शेवटी दादा अब्दुल्लांनीच ठरवलं. वकिलानं समजावलं, हो म्हणाला तो पक्षकार."

वहिनींनी खर्चाचा हिशेब मागितला. कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत लवादाच्या फीचा तक्ता आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला पंचेचाळीस हजार. त्यावर वीस लाखांपर्यंत वाढीव रकमेच्या साडेतीन टक्के. लवाद एकटाच असेल तर एकूण फीवर पंचवीस टक्के जास्त. वहिनींचा दावा शेवटी बारा लाखांचा ठरला. त्या तक्त्यानं फी ८६,८७५ रुपये, त्यातला अर्धा वाटा त्यांचा. प्रतिदाव्याची फी वेगळी लागू शकते. वकीलबाईंनी आपल्या कामाचे टप्पे पाडून प्रत्येकाचा आकडा लिहून दिला: नोटीस आणि दावा, लवादाची नेमणूक, उलटतपास, शेवटचा युक्तिवाद. वहिनी हो म्हणाल्या, पण त्यांनी आपल्याही अटी लिहून घेतल्या. प्रत्येक सुनावणीला मी हजर असेन. प्रत्येक आदेशाची प्रत मला येईल. माझ्या आणि दिरांच्या सहीशिवाय कुठलीही तडजोड होणार नाही.

"आता कंपनीला ठाऊक नाही पण तुम्हाला ठाऊक आहे असं काही असेल तर सांगा," वकीलबाई म्हणाल्या.

वहिनी जरा थांबल्या. "पहिल्या लॉटचा एक कोअरबॉक्स खरंच सैल झाला होता. त्यातल्या मालाचं नुकसान एक लाख चाळीस हजार. ते माझंच."

"हे आज सांगितलंत हे फार बरं केलंत. उलटतपासात मला पहिल्यांदा कळलं असतं तर तुमचा खरा भागही खोटा वाटला असता. दाव्यातच लिहू." अशा रीतीनं तेरा लाख चाळीस हजारांच्या बिलांतून एक लाख चाळीस हजार स्वतःहून वजा करून दावा बारा लाखांचा झाला.

कंपनीनं पुन्हा आपलाच माजी सल्लागार सुचवला. वकीलबाईंनी हरकत घेतली आणि उच्च न्यायालयात अर्ज करण्याची तयारी कळवली, तेव्हा दोन्ही बाजूंच्या संमतीनं एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश लवाद झाले. पहिल्या बैठकीत वहिनींनी दोन गोष्टी मागितल्या. सुनावणी कोल्हापुरात व्हावी आणि साक्षी मराठीत व्हाव्यात. जागा आणि भाषा दोन्ही बाजूंना संमतीनं ठरवता येतात, हे वकीलबाईंनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. कंपनीचे साक्षीदारही याच भागातले, त्यामुळं कंपनीनंही अडवलं नाही. पॅटर्न मोजायला आयटीआयमधून निवृत्त झालेले पॅटर्नमेकिंगचे एक निदेशक आले. ते न्यायाच्या गोष्टी बोलले नाहीत, आकडे बोलले.

याच काळात वहिनींना एक शंका सतावत होती. त्यांनी आबांकडून आणि अण्णांकडून कंपनीच्या जुन्या डेबिट नोटा मागितल्या. वकीलबाईंनी बजावलं, "त्यांच्या लवादात काय झालं ते मला नको. कारवाई गोपनीय ठेवायची असं २०१९ पासून कायद्यातच आहे. डेबिट नोटा त्याआधीच्या, रोजच्या धंद्यातल्या आहेत. तेवढ्याच आणा."

वहिनींनी रात्री जेवणं उरकल्यावर तिन्ही नोटा शेजारी ठेवल्या. प्रत्येक केसिंगवर नंबर पंच केलेला असतो. तिन्ही नोटांना नाकारलेल्या मालाची यादी जोडलेली होती. त्यांनी पहिला नंबर बघितला, मग दुसरा, मग सगळे. केसिंगं तीच होती. एका गळतीचं पूर्ण नुकसान कंपनीनं तिघांकडून तीनदा कापून घेतलं होतं.

उलटतपासाच्या दिवशी कंपनीचा क्वालिटी मॅनेजर समोर बसला. कोअर सरकला म्हणून भिंत पातळ झाली, असं तो म्हणाला. वकीलबाईंनी पहिल्या नमुन्याचा कंपनीनंच मंजूर केलेला रिपोर्ट दाखवला. तो म्हणाला, नमुना ठीक होता, नंतरचा माल बिघडला. वहिनींनी चिठ्ठीवर एक ओळ लिहून वकीलबाईंकडं सरकवली. वकीलबाईंनी ती वाचली आणि तोच प्रश्न विचारला. "या केसिंगांतली कुठली ब्लोहोलमुळं नाकारली, कुठली बोअरमुळं आणि कुठली कोअरमुळं, ते नंबरवार सांगा."

मॅनेजरला सांगता येईना. तिन्ही नोटा त्याच्यापुढं ठेवल्या गेल्या. नंबर वाचून घेतले गेले. खोलीत कागद उलटल्याचे आवाज तेवढे येत होते.

लवादांनी वकीलबाईंना विचारलं, "पॅटर्न चुकला असता तर प्रत्येक केसिंगची भिंत एकाच बाजूला पातळ आली असती का?"

वकीलबाई म्हणाल्या, "याचं उत्तर माझ्या अशील देतील, साहेब."

वहिनी उठल्या. पॅटर्नवरूनच प्रत्येक साचा घडतो, पॅटर्न चुकला तर प्रत्येक नग तसाच चुकतो. इथं काही नग चांगले आणि काही वाईट आहेत, म्हणजे दोष नगानगाचा आहे, हे त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. ज्या लॉटमध्ये सगळेच नग एकसारखे चुकले होते तो आपला दोष होता आणि तो दाव्यात वजा केलेला आहे, हेही सांगितलं. मग बसल्या.

निवाडा आला. एक पॅटर्न उशिरा दिल्याचे साठ हजार रुपये लवादांनी कापले. ती डेबिट नोट योग्यच होती. बाकी अकरा लाख चाळीस हजार व्याजासह मंजूर झाले. मागितलं होतं तेवढं व्याज मिळालं नाही आणि खर्च ज्याचा त्यानं सोसावा असं ठरलं. वहिनींनी सही केलेली प्रत स्वतःच्या हातात घेतली आणि ती मिळाल्याची तारीख वहीत लिहून ठेवली. कंपनीला न्यायालयात जायची मुदत होती. ती गेली नाही. पैसे जमा झाले.

त्यानंतर एकदा आबा पॅटर्नशॉपात आले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "वहिनी, मी वकील दिला असता तर माझंही झालं असतं न्हवं?"

वहिनी म्हणाल्या, "आबा, बोलायला तुमच्यासारखा माणूस वकिलालाही मिळाला नसता. तुम्ही फोडून दाखवलेलं केसिंग मी असते तर तुमच्याकडूनच मांडून घेतलं असतं. फक्त त्या कागदावर सही करायच्या आधी एक माणूस शेजारी पाहिजे होता. अण्णांच्या शेजारी असा माणूस होता, आणि खुर्चीत अण्णाच नव्हते."

अण्णा दारात उभे होते. त्यांनी ऐकलं आणि मान हलवली. पुढच्या वर्षी तिघांनी मिळून कंपनीला कळवलं की नव्या ऑर्डरीत लवाद दोघांच्या संमतीनं नेमला जाईल, जागा कोल्हापूर आणि भाषा मराठी राहील. कंपनीनं थोडी कुरकुर केली आणि मान्य केलं. तिघांनी उद्यम नोंदणीचे कागदही त्या ऑर्डरीला जोडले.

वाचकहो, लवादापुढं जायची वेळ आली तर वकील द्यावा की न द्यावा, या प्रश्नापासून सुरुवात करू नका. आधी आपला वाद कशाचा आहे ते एका कागदावर लिहा. वाद तुम्ही पाहिलेल्या, केलेल्या, मोजलेल्या गोष्टीचा असेल तर स्वतः बोला, कारण ती गोष्ट तुमच्याइतकी कुणालाच ठाऊक नाही. वाद नेमणुकीचा, मुदतीचा, कराराच्या अर्थाचा असेल, समोर प्रतिदावा असेल, तर जाणकार माणूस घ्या, कारण तिथं एक सही किंवा एक चुकलेली तारीख परत मिळत नाही. बहुतेक वाद दोन्हींचे मिळून असतात. तेव्हा कामं वाटून घ्या आणि ती वाटणी लिहून ठेवा. आपल्या माणसाला आपली चूकही आधी सांगा. आणि कुणालाही नेमा, वकील, नातलग, तंत्रज्ञ, तरी आपली खुर्ची रिकामी ठेवू नका. आपल्या वतीनं दुसऱ्यानं बोलावं हा आपला हक्क आहे. आपल्या वतीनं दुसऱ्यानं जागं राहावं, अशी अपेक्षा मात्र कुणाकडून करता येत नाही.